परागवाहक कीटकांचे धोरण आणि तरुणांची जागा: पोस्टरपासून निविदेच्या अटीपर्यंत

मुलुंडच्या एका महाविद्यालयातील निसर्ग मंडळाच्या विद्यार्थिनीने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. मुंबई महानगरपालिकेने मधमाश्या, फुलपाखरे, भुंगे आणि परागीभवन करणाऱ्या इतर कीटकांच्या रक्षणासाठी धोरण आखावे अशी त्यांच्या मंडळाची इच्छा आहे. मात्र जिथे जावे तिथे त्यांना घोषवाक्ये, पोस्टर आणि पथनाट्य यांपलीकडे काही करायला सांगितले जात नाही. तेव्हा धोरण ठरवण्याच्या कामातच तरुणांना खरे स्थान कसे मिळेल?

गेली वीस-बावीस वर्षे मी शाळा-महाविद्यालयांतील मुलांबरोबर शहरातल्या कीटकांच्या नोंदी करते आहे आणि त्या नोंदींच्या फायली घेऊन विभाग कार्यालयांचे जिनेही पुष्कळ चढले आहे. त्या अनुभवावरून माझे मत असे बनले आहे की ‘धोरण’ नावाचा स्वतंत्र कागद मागण्यापूर्वी कीटकांचे रोजचे भवितव्य कोणत्या टेबलावर ठरते ते शोधून काढावे, आणि त्या टेबलावरच्या माणसाकडे नसलेली, पण तुम्हाला सहज गोळा करता येईल अशी माहिती घेऊन तिथे जावे. तरुणांना जागा मिळते ती या मार्गाने. केवळ वय कमी आहे म्हणून मिळणारी जागा बहुधा व्यासपीठाच्या कडेला, पुष्पगुच्छ देण्यापुरती असते.

मुंबईत मधमाशीच्या विरोधात कोणी ठराव केलेला नाही. तिचे नुकसान होते ते अगदी साध्या, कोणाच्या मनातही नसलेल्या निर्णयांमुळे. उद्यानाच्या देखभालीचे कंत्राट देताना छान कापलेली हिरवळ हीच चांगल्या कामाची खूण मानली गेली, की पावसाळ्यानंतर फुललेली एकदांडी ‘तण’ म्हणून उपटली जाते. वास्तविक त्या क्षुल्लक दिसणाऱ्या पिवळ्या फुलावर लहान मधमाश्या आणि फुलपाखरे यांची मोठी वर्दळ असते. झाडाभोवतीची माती पेव्हर ब्लॉकखाली गेली, की जमिनीत बीळ करून राहणाऱ्या एकांड्या माश्यांचे घर जाते, आणि जगातील वीस हजारांहून अधिक मधमाशी-जातींपैकी बहुतेक जाती अशा जमिनीत घरटे करणाऱ्याच आहेत. कुंपणाला शोभेची, मध नसलेली झुडपे लावायची की अडुळसा, कढीपत्ता आणि लिंबू लावायचे, हे रोपांच्या खरेदीच्या यादीत ठरते. कढीपत्ता आणि लिंबू यांच्या पानांवर कॉमन मॉरमॉन फुलपाखराच्या अळ्या वाढतात, त्यामुळे ‘पान खाल्लेले दिसते’ अशी तक्रार आली की औषध मारायचे की नाही, हाही एक धोरणात्मक निर्णयच असतो, जरी तो घेणारा माळी स्वतःला धोरणकर्ता समजत नसला तरी. माळ्यांशी बोला, हे मी प्रत्येक गटाला सांगते. कोणत्या कोपऱ्यात काय फुलते आणि कोणत्या महिन्यात त्यावर काय बसते हे त्यांच्याइतके कोणालाच ठाऊक नसते, आणि त्यांना कोणी विचारतही नाही.

आपण शहरात राहतो, शेती करत नाही, मग हा प्रश्न आपला कसा, असे तुम्हाला हमखास विचारले जाईल. जागतिक पातळीवरील जैवविविधता मंचाने २०१६ साली जो आढावा प्रसिद्ध केला, त्यानुसार जगातील प्रमुख अन्नपिकांपैकी सुमारे तीन चतुर्थांश प्रकार काही प्रमाणात तरी प्राण्यांकडून होणाऱ्या परागीभवनावर अवलंबून आहेत, आणि रानटी फुलझाडांच्या बाबतीत हे प्रमाण ८७ टक्क्यांच्या पुढे जाते. ही आकडेवारी एका वाक्यात सांगावी आणि तिथेच थांबावे. विभाग कार्यालयातील अधिकाऱ्याला जगाचे आकडे हलवत नाहीत. त्याला त्याच्या हद्दीतले सांगावे लागते: संजय गांधी राष्ट्रीय उद्यानालगतच्या पाड्यांवरच्या परसबागा, खाडीकाठची तिवरे, रस्त्यावरचा बहावा आणि ताम्हण, गृहसंकुलातला शेवगा. वड, पिंपळ आणि उंबर यांच्यापैकी प्रत्येकाचे परागीभवन ज्याची-त्याची ठरावीक जातीची बारीक गांधीलमाशी करते. ती नसेल तर त्या झाडाला बी धरत नाही. ही गोष्ट मी एका अभियंत्याला सांगितली तेव्हा त्याने फाईल बाजूला ठेवून पहिल्यांदाच प्रश्न विचारला होता.

आता धुराच्या फवारणीविषयी थोडे सविस्तर लिहिते, कारण तरुणांच्या मागण्या सर्वाधिक वेळा इथेच फसतात. डासांसाठी केल्या जाणाऱ्या धूरफवारणीत प्रामुख्याने पायरेथ्रॉइड वर्गातील कीटकनाशके वापरली जातात आणि ती मधमाश्यांनाही घातक असतात, हे खरे आहे. त्यावरून ‘फवारणी बंद करा’ अशी मागणी घेऊन तुम्ही गेलात, तर मलेरिया आणि डेंग्यूचे रुग्ण दरवर्षी पाहणारा कीटकनाशक खात्याचा अधिकारी तुम्हाला दारातूनच परत पाठवील, आणि माझ्या मते त्याचे चुकणार नाही. मात्र त्याच अधिकाऱ्याला हेही पक्के ठाऊक असते की धूर फक्त उडणारे डास मारतो, पाण्यातल्या अळ्या मारत नाही. शहरातला मलेरिया पसरवणारा ॲनॉफिलिस स्टीफेन्सी डास इमारतींच्या झाकण नसलेल्या टाक्यांत वाढतो आणि डेंग्यूचा एडिस कुंड्यांखालच्या थाळ्यांत, टायरांत, ताडपत्रीच्या घड्यांत वाढतो. म्हणजे टाक्या झाकलेल्या असतील आणि थाळ्या आठवड्यातून एकदा कोरड्या होत असतील, तर धुराची गरजच कमी होते. हे काम तरुणांचे गट उत्तम करू शकतात. एका गटाने आपल्या वस्तीतील टाक्या, थाळ्या आणि गळक्या जोडण्यांची यादी इमारतवार करून दिली आणि सोबत एवढेच मागितले, की नेहमीची फवारणी मधमाश्या पोळ्याकडे परतल्यावर, अंधार पडताना करावी आणि फुललेल्या झुडपांवर थेट नळी धरू नये. ही मागणी मान्य झाली. रुग्ण आढळलेल्या घराभोवतीची तातडीची फवारणी या अटीतून वगळावी, हे त्या मुलांनी स्वतःच लिहिले होते. एडिस दिवसा चावतो आणि तिथे संध्याकाळपर्यंत थांबता येत नाही, हे त्यांनी वाचून घेतले होते. समोरच्याची अडचण आपल्याच कागदावर आधी लिहून नेणे, यासारखी दुसरी ओळख नसते.

आग्या मोहोळाचा प्रश्न याहून जवळचा आहे आणि त्याचे धोरण महापालिकेत ठरतच नाही, ते गृहनिर्माण संस्थेच्या बैठकीत ठरते. पावसाळा सरला की आग्या माश्या उंच इमारतींच्या छज्जांखाली, पाण्याच्या टाकीखाली मोहोळे बांधतात. या माश्या ऋतूनुसार स्थलांतर करतात, त्यामुळे काही महिन्यांनी त्या आपणहून निघून जातात. तरीही कोणीतरी घाबरते, सेक्रेटरी कीटक-नियंत्रणवाल्याला फोन करतो आणि रात्रीतून मोहोळ जाळले जाते. याविरुद्ध मोर्चा काढण्यापेक्षा ठराव आणणे सोपे आहे. महाराष्ट्रात सहकारी संस्थांची वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते, म्हणजे मोहोळे बसू लागण्याच्या नेमकी आधी. तुम्ही सभासद नसाल, पण तुमचे आई-वडील किंवा आजी-आजोबा असतील. त्यांच्या सहीने विषय वेळेत कार्यक्रमपत्रिकेवर येऊ शकतो. ठरावाचा मसुदा असा असावा: ‘संस्थेच्या आवारात मोहोळ आढळल्यास, ते खिडकी, जिना अथवा ये-जा करण्याच्या मार्गालगत नसेल तर त्यास हात लावू नये व त्याखाली सूचना फलक लावावा, हलविणे अपरिहार्य असेल तर मधमाश्या न मारता मोहोळ काढणाऱ्या प्रशिक्षित व्यक्तीसच बोलवावे, जाळणे अथवा विषारी फवारणी करणे यांसाठी व्यवस्थापक समितीचा लेखी निर्णय आवश्यक राहील.’ शेवटचा भाग महत्त्वाचा आहे. लेखी निर्णय घ्यायचा म्हटले की अर्धी मोहोळे वाचतात. ज्या सभासदांना दंशाची ॲलर्जी आहे त्यांचे म्हणणे मात्र टाळू नका. त्यांच्या खिडकीजवळचे मोहोळ हलवणे योग्यच आहे, आणि ते तुम्हीच आधी सांगितले तर सभा तुमच्या बाजूने झुकते.

इथे थोडे विषयांतर करून सांगते, की गच्चीवर मधपेट्या ठेवणे म्हणजे परागवाहकांचे रक्षण नव्हे. मधपालन हा चांगला जोडधंदा आहे. महाबळेश्वरजवळच्या मांघरला २०२२ साली ‘मधाचे गाव’ म्हणून ओळख मिळाली, ती योग्यच होती. परंतु शहरात फुले मर्यादित असताना पेट्या वाढवल्या तर आधीपासून असलेल्या रानमाश्यांच्या तोंडचा घास जातो. कोणी प्रायोजक पेट्या देऊ करत असेल तर त्याला त्याऐवजी करंज, जांभूळ आणि पांगारा यांची रोपे व तीन वर्षांचे पाणी मागा. बहुधा तो पुन्हा फोन करणार नाही.

औपचारिक रस्ते कोणते आहेत, तेही पाहू. जैवविविधता कायदा, २००२ च्या कलम ४१ नुसार प्रत्येक स्थानिक स्वराज्य संस्थेने जैवविविधता व्यवस्थापन समिती नेमायची असते आणि तिच्या मदतीने लोक जैवविविधता नोंदवही तयार करायची असते. इंग्रजी आद्याक्षरांनी या समितीलाही बीएमसी म्हणतात, त्यामुळे मुंबईत या विषयावरचे संभाषण पहिली पाच मिनिटे कोण कोणाविषयी बोलते आहे हे समजण्यातच जाते. नोंदवहीची कल्पना १९९० च्या दशकात माधव गाडगीळ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रुजवली तेव्हा गावोगावचे विद्यार्थी आणि शिक्षक हेच तिचे हात-पाय होते, याची आठवण बैठकीत करून देण्यास हरकत नाही. अशा नोंदवह्यांत झाडे आणि पक्षी भरपूर असतात, कीटकांची पाने मात्र रोडावलेली असतात. ती पाने भरणे हे तुमचे पहिले आणि कायद्याच्या चौकटीतले योगदान ठरू शकते. मार्च २०२२ मध्ये जाहीर झालेल्या मुंबई वातावरण कृती आराखड्यात शहरी हरितीकरण आणि जैवविविधता हा सहा विषयांपैकी एक आहे. तुमचे प्रत्येक पत्र त्या विषयाशी जोडा, म्हणजे ‘हे आमच्या कक्षेत येत नाही’ असे उत्तर देणे अवघड होते.

वेळापत्रकाकडे बहुतेक गटांचे दुर्लक्ष होते. महापालिकेचा अर्थसंकल्प फेब्रुवारीच्या सुरुवातीला मांडला जातो. म्हणजे एखादी बाब त्यात यावी असे वाटत असेल तर ती ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्येच खात्याकडे गेली पाहिजे. पावसाळ्यापूर्वीची झाडांची छाटणी एप्रिल-मेमध्ये जोरात असते आणि त्याच काळात बहावा, करंज, ताम्हण फुललेले असतात. जागतिक मधमाशी दिन २० मे रोजी असतो. संयुक्त राष्ट्रांनी तो २०१७ साली जाहीर केला, आणि आपल्याकडे तो नेमका परीक्षा संपून सुट्टी लागलेली असताना येतो. त्या दिवशी सभागृहात मधमाशीवर भाषणे होतात आणि बाहेर फुलांनी लगडलेल्या फांद्या ट्रकमध्ये भरल्या जातात. धोकादायक फांदी तोडलीच पाहिजे, यात वाद नाही. फुलांच्या ऐन भरातली, धोका नसलेली फांदी महिनाभर पुढे ढकलता येईल का, हा प्रश्न छाटणीचे कार्यादेश निघण्यापूर्वी, म्हणजे फेब्रुवारी-मार्चमध्ये विचारायचा असतो. मेमध्ये विचारला तर तो तक्रार ठरतो.

उशिरा पोहोचण्याची किंमत आपण पाहिली आहे. ऑक्टोबर २०१९ मध्ये मेट्रोच्या कारशेडसाठी तोडल्या जाणाऱ्या आरेतील झाडांच्या प्रश्नावर कायद्याच्या विद्यार्थ्यांनी सरन्यायाधीशांना पत्र लिहिले, त्या पत्राची सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली आणि ७ ऑक्टोबरला तोड थांबवण्याचा आदेशही दिला. तोवर बहुतेक झाडे पडली होती. त्या तरुणांच्या धडाडीबद्दल मला आदरच आहे. तरीही झाड वाचते ते तोडीला परवानगी देणाऱ्या वृक्ष प्राधिकरणाच्या सूचनेवर मुदतीत नोंदवलेल्या हरकतीने, आणि तिच्यामागे वर्षभराच्या नोंदी असतील तर अधिक खात्रीने.

हरकती कशा लिहाव्यात याबाबत माझीच एक चूक सांगते. अनेक वर्षांपूर्वी एका मसुद्यावर आम्ही चारशे विद्यार्थ्यांच्या सह्यांची चारशे पत्रे दिली. मजकूर सगळ्यांत एकच होता, मीच लिहिलेला. खात्याने ती सगळी एकच सूचना म्हणून मोजली आणि एका ओळीत निकाली काढली. मुलांना वाटले की आपले कोणी ऐकले नाही. खरे म्हणजे त्यांचे म्हणणे त्यात नव्हतेच, माझे होते. तेव्हापासून मी पत्राचा नमुना देत नाही. प्रत्येकाने आपण स्वतः पाहिलेली एक जागा, एक तारीख आणि एक मागणी लिहावी, एवढाच नियम ठेवते. अशी चाळीस पत्रे चारशेंना भारी पडतात, कारण प्रत्येकाचे वेगळे उत्तर द्यावे लागते.

राष्ट्रीय पातळीवरचाही एक प्रसंग लक्षात ठेवण्यासारखा आहे. मे २०२० मध्ये केंद्र सरकारने २७ कीटकनाशकांवर बंदीचा मसुदा काढून हरकती मागवल्या. त्यांतील अनेकांच्या बाबतीत मधमाश्यांना होणारी विषबाधा हे एक कारण म्हणून नोंदवलेले होते. २०२३ च्या अंतिम आदेशात संपूर्ण बंदी आली ती मोजक्याच रसायनांवर. अशा मसुद्यावर उत्पादक सविस्तर, तांत्रिक कागद पाठवतात, आणि सामान्य नागरिकाला मसुदा निघाला हेच मुदत संपल्यावर समजते. जर्मनीच्या बव्हेरिया राज्यात २०१९ साली मधमाश्यांच्या रक्षणाच्या कायद्यासाठी झालेल्या जनयाचिकेवर दोन आठवड्यांत साडेसतरा लाखांच्या आसपास लोकांनी कार्यालयात प्रत्यक्ष जाऊन सह्या केल्या आणि सरकारला तो कायदा स्वीकारावा लागला. आपल्याकडे असे साधन उपलब्ध नाही, त्यामुळे त्याची नक्कल करण्यात अर्थ नाही. तिथेही मतदानाचे वय न झालेल्या मुलांना सही करता आली नव्हती.

नोंदी कशा कराव्यात हे थोडक्यात सांगते. अर्धा मीटर लांब-रुंद चौकटीतील फुलांकडे दहा मिनिटे पाहावे आणि फुलावर बसलेले कीटक गटवार मोजावेत: आग्या, सातेरी आणि फुलोरी या मधमाश्या, बिननांगीची बारीक माशी, भुंगा, इतर माश्या, फुलपाखरे, भुंगेरे. जातीपर्यंत ओळख पटवण्याचा हट्ट नको. झाड, तारीख, वेळ आणि ऊन की ढग हे लिहावे. काहीच आले नाही तर शून्य लिहावे. उत्साही मुले शून्य गाळतात आणि मग आकडेच निरुपयोगी होतात. सोबत त्या जागेवर गवत कधी कापले आणि फवारणी कधी झाली, हे माळ्याला विचारून लिहावे. हाच रकाना पुढे धोरणाच्या उपयोगी पडतो.

मंडळात कोण आहे, हेही तपासून पाहा. इंग्रजी माध्यमाच्या महाविद्यालयांतली, कॅमेरा असलेली मुले एवढेच ‘तरुण’ नसतात. आरे आणि राष्ट्रीय उद्यानातील पाड्यांवरच्या वारली मुलांना मोहोळ कुठे बसते आणि कधी उठते हे घरातूनच ठाऊक असते, कोळीवाड्यातल्या मुलांना खाडीकाठ ठाऊक असतो, आणि महापालिकेच्या शाळांतल्या मुलांकडे शाळेच्या आवारापुरता का होईना, खरा अधिकार असतो. बैठक मराठीत किंवा हिंदीत घ्या. अठरा वर्षांखालील मुले असतील तर पालकांची लेखी संमती घ्या आणि त्यांचे फोटो सरसकट प्रसिद्ध करू नका. संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क संहितेच्या कलम १२ मध्ये मुलांच्या मताला त्यांच्या वयानुसार आणि समजेनुसार वजन देण्याचे बंधन आहे आणि भारताने ती १९९२ मध्ये स्वीकारली आहे. पण मुलाने लिहिलेले निवेदन ‘सुधारून’ त्यातला टोकदार प्रश्न काढून टाकणारे शिक्षक मी पाहिले आहेत. एका शाळेत ‘आमच्या शाळेने अंगणात फरश्या का घातल्या?’ हे वाक्य अंतिम प्रतीतून नाहीसे झाले होते. त्या निवेदनातले सर्वांत मोलाचे वाक्य तेच होते.

विद्यार्थी दोन-तीन वर्षांत निघून जातात आणि अधिकाऱ्यांचीही बदली होते, हा या कामातला सर्वांत मोठा अडथळा आहे. त्यावर उपाय म्हणून प्रत्येक पत्रावर आवक शिक्का आणि क्रमांक घ्या, सगळ्या पोचपावत्या एका वहीत चिकटवा आणि वही मंडळाच्या नव्या प्रमुखाकडे रीतसर सोपवा. महिन्याभरात उत्तर आले नाही तर माहितीच्या अधिकारात आपल्या पत्रावर काय कार्यवाही झाली, एवढेच विचारा. अर्जाचे शुल्क दहा रुपये आहे आणि उत्तरासाठी तीस दिवसांची मुदत आहे. मला एकदा अशा अर्जामुळे कळले होते की आमचे पत्र हरवलेले नव्हते, तीन टेबले फिरून ‘अभिप्रायार्थ’ पडून होते. ज्या कनिष्ठ अधिकाऱ्याकडे ते होते, त्याला कोणता अभिप्राय द्यावा तेच समजत नव्हते. त्याच्याशेजारी बसून आम्ही तो तयार केला.

मुलुंडपुरते सांगायचे तर तुमच्या टी विभागाच्या एका टोकाला राष्ट्रीय उद्यानाची हद्द आहे आणि दुसऱ्या टोकाला खाडी, म्हणजे तुलनेसाठी याहून सोयीची जागा मिळणार नाही. येत्या ऑक्टोबरात दोन सारख्या आकाराच्या उद्यानांतील एकेक कोपरा निवडा आणि त्यांपैकी एकाच कोपऱ्यातले गवत डिसेंबरपर्यंत न कापण्याची परवानगी उद्यान खात्याच्या विभागातील अधिकाऱ्याकडे लेखी मागा. कोपरा दहा बाय दहा फुटांचा पुरे, आणि तिथे ‘हे मुद्दाम ठेवले आहे’ असा मराठी फलक हवाच, नाहीतर पहिल्याच आठवड्यात एखादा जागरूक नागरिक अस्वच्छतेची तक्रार करील. दर शनिवारी सकाळी दोन्हीकडे मोजणी करा. डिसेंबरअखेर दोन्ही कोपऱ्यांचे आकडे एका पानावर मांडून, पुढच्या देखभाल कंत्राटात अशा कोपऱ्याची अट घालावी, या एका ओळीच्या मागणीसह ते पान त्याच अधिकाऱ्याकडे द्या. जाताना त्या उद्यानाच्या माळ्यालाही बरोबर न्या.